पानी कथा जाई?

गेल्या मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेली. धुळ्यात मेमध्ये दुपारी तीनला लाइट जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावता येत नाही आणि धुळेकराला सांगावं लागत नाही. खिडकीला बांधलेली ओली चादर अर्ध्या तासात पापडासारखी कडक झाली होती. माय फरशीचा मिळेल तेवढा गारवा पाठीला लावून पडली होती. लॅपटॉपची बॅटरी थोडी शिल्लक होती, म्हणून तिच्या शेजारी मांडी घालून मी तिला माझं घर दाखवत होतो. माझं पहिलं घर. तीन आठवडे खपून बांधलेलं, मातीच्या विटांचं, बाभळीच्या लाकडाचं, वर धाबं, म्हणजे सपाट छप्पर. ती उठून बसली, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, आपलंच घर दिसतंय रे. तिनं पडद्यावर धाब्याच्या कडेला बोट टेकवलं आणि विचारलं, "आनि पानी कथा जाई?" म्हणजे, पाणी कुठे जाणार?

उत्तर माझ्या लेकीनं दिलं. "आजी, इथे पाऊसच नाही पडत. हा सव्हाना आहे." माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर खेळात ते खरंच तसं असतं. वाळवंटात आणि सव्हानात आभाळ भरून येतं, अंधारतं, पण थेंब पडत नाही. मायनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. "मंग लोक कसाले ऱ्हातस तठे?"

आम्ही बापलेक हसलो. ती हसली नाही. चष्मा काढून परत आडवी झाली. मग लाइट आली, पंखा फिरायला लागला आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

माझ्यापुरता मिटला नाही.

माझं वय सेहेचाळीस. धुळ्यात नोकरीला लागल्यापासून भाड्यानं राहतोय, हे चौथं घर. शहराबाहेर एक प्लॉट घेऊन ठेवलाय, तीस बाय पन्नास. त्यावर सध्या काटेरी बाभळी आहेत आणि शेजारच्याच्या बांधकामातून उरलेली खडी. दर दोन-तीन वर्षांनी कुणाकडून तरी नकाशा काढून घेतो, मग सिमेंट, लोखंड, हप्ता असा हिशेब मांडतो आणि नकाशाची गुंडाळी कपाटावर टाकतो. आता तिथे चार गुंडाळ्या झाल्यात. त्यामुळे सुट्टी लागल्यावर पोरगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण या ना खेळायला, घर बांधू," तेव्हा मला तो आधी टोमणाच वाटला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बांधा, बांधा. तिथे तरी बांधा." तो मात्र टोमणाच होता.

जागेचा प्रश्न तिथे नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सहा कोटी ठोकळे, आणि एक ठोकळा एक मीटरचा. पृथ्वीचा घेरसुद्धा चार कोटी मीटरच आहे. सातबारा नाही, एनए नाही, गुंठेवारी नाही, बांधावरून भांडायला कुणी नाही. आणि इतक्या जागेत पहिल्या दिवशी मी काय केलं, तर टेकडीच्या पोटात तीन ठोकळे खोल खड्डा खणून त्यात बसलो. तिथला अख्खा दिवस वीस मिनिटांचा, त्यात उजेड दहाएक मिनिटं. झाडाला बुक्के मारून लाकूड काढायचं हे पटायलाच मला अर्धा दिवस लागला. बुंधा तोडला तरी वरचं झाड तसंच हवेत राहतं, ते बघत आणखी वेळ गेला. तेवढ्यात चौकोनी सूर्य चौकोनीपणेच मावळला. दार करायला सहा फळ्या लागतात, माझ्याकडे चार होत्या. मी खड्ड्याच्या तोंडावर माती लावून घेतली आणि आत अंधारात ऐकत बसलो. बाहेर कुणीतरी कण्हत होतं. लेक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "काही नाही, झोंबी आहे. सकाळी जळून जाईल." गावाला असताना माय हेच म्हणायची. सकाळ झाली की काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सव्हाना शोधला. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हिरवीगार कुरणं होती, फुलांची जंगलं होती, बर्फसुद्धा होता. लेक म्हणत होती, पप्पा, चेरीच्या झाडांत बांधा, गुलाबी दिसतं. मी चालत राहिलो आणि जिथे गवत पिवळं पडलेलं, जमीन सपाट आणि छत्रीसारख्या पसरट बाभळी दिसल्या तिथे थांबलो. खेळात त्या झाडाला अकेशिया म्हणतात. फळ्या केल्या की नारिंगी निघतात, ही एक खटकणारी गोष्ट. आमच्या बाभळीचं लाकूड तसं नसतं. पण उन्हाचा रंग बरोबर होता. चैत्र संपल्यावर पांझरेच्या काठानं जो दिसतो तो.

पहिलं घर मी चार भिंतींचं बांधलं. नऊ बाय नऊ, मध्ये दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, वर झाकण. लेकीनं लांबून पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, हे शाळेच्या मागच्या बाथरूमसारखं दिसतंय." खरंच दिसत होतं. मी चारी बाजूंनी फिरलो. काय कमी आहे? रंग नाही, मापही चुकलेलं नाही. दोन दिवसांनी भाजी आणायला बाहेर पडलो असताना एका जुन्या घरापुढे ओट्यावर बसून दोन म्हाताऱ्या काही निवडताना दिसल्या, आणि कळलं. माझ्या घराला ओटा नव्हता. दार उघडलं की थेट गवत. घर आणि जग यांच्यामध्ये बसायला जागा नव्हती. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ओटा घातला, दीड पुरुष लांब, आणि त्याच्यावर दोन खांब उभे केले. खांब आले म्हटल्यावर मागे ओसरी आली. ओसरीचे खण मोजायला लागलो तर हात आपोआप पाचावर थांबला. पाच खण. मग उजवीकडे देवघराची खोली, डावीकडे धान्याची, मागे चूल. मी काही ठरवत नव्हतो. पहाटे दोन वाजता लक्षात आलं की मी गावचं घर बांधतोय, जे आता नाही.

त्यानंतर लाकडाच्या भिंती मला बघवेनात. आमच्या घराच्या भिंती मातीच्या. शोधलं तर खेळात माती आहेच, आणि २०२२ पासून चिखलही आहे. मातीवर पाण्याची बाटली ओतली की चिखल होतो, त्या चिखलात गहू मिसळला की बांधकामाची घट्ट माती होते आणि तसे चार ठोकळे एकत्र केले की मातीच्या विटा. हे वाचून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या खेळाला हे कुणी सांगितलं? आमच्याकडे भिंतीची माती आठ-आठ दिवस भिजत घालायचे, त्यात भुसा टाकून बैलांकडून नाही तर पायांनी तुडवायचे. भुसा नसेल तर भिंत वाळताना तडकते. मी आनंदानं मायला सांगायला गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द पकडला. "गहू? मातीमा गहू?" मी म्हटलं, तिथे भुसा वेगळा मिळत नाही. "भुसा टाकतस रे बापू. गहू कोन टाकस!" बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या बाईला मी चिखलात गहू तुडवतोय हे सांगायला नको होतं. पुढचे आठ दिवस मी गहू पेरत, कापत आणि तिच्या नजरेआड चिखलात घालत होतो. खोटं वाटेल, पण थोडी लाज वाटत होती.

भिंतींच्या जाडीचं मात्र जमून गेलं. या खेळातली घरं बोजड दिसतात, कारण सर्वांत पातळ भिंतही एक ठोकळ्याची, म्हणजे मीटरभराची होते. हौशी लोक त्यावर नाना युक्त्या काढतात. मला एकही लागली नाही. आमची भिंत दोन हात रुंद होती, म्हणजे जवळपास तेवढीच. तिच्या खिडकीत आम्ही पोरं पाय आत घेऊन अख्खे मावायचो. देवळी कोरायला भिंतीत पुरेसं पोट असायचं. बाहेर चव्वेचाळीस असताना आत आल्यावर डोळ्यांपुढे आधी काळोख यायचा, मग गारवा, मग शेणाचा आणि घागरीखालच्या ओल्या वाळूचा वास. असा क्रम ठरलेला होता. पडद्यावर भिंती तेवढ्याच जाड, पण मी दारातून आत जातो तेव्हा काहीच होत नाही. धाब्याला मी सानं, म्हणजे उजेडासाठी भोक, ठेवलं, त्यावर काच बसवली. आत उजेड आला, सगळीकडे सारखा सांडला. पण जमिनीवर कवडसा पडला नाही. आमच्या ओसरीत तो पडायचा, ताटाएवढा, आणि दिवसभर सरकायचा. मधल्या खांबाच्या बुडाशी आला की माय भाकरी थापायला घ्यायची. घरात घड्याळ नव्हतं असं नाही. होतं, पण ते वडलांचं होतं.

आता धाब्याविषयी. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाही तर कपाशीच्या पऱ्हाट्या, त्यावर निंबाचा पाला, त्यावर हातभर माती आणि सगळ्यांत वर खारी, म्हणजे खारट पांढरी माती. पाऊस यायच्या आधी गाडीभर खारी आणून धाब्यावर पसरायची. ती पाणी धरत नाही, वरच्या वर वाहून देते. उन्हाळ्यात आम्ही तिथेच झोपायचो. अंथरुणं टाकायच्या आधी पाणी शिंपडलं की तापलेली माती सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून आलेल्या आत्या तिथेच रात्री उशिरापर्यंत गात बसायच्या. धाबं दिसतं सपाट, पण तसं नसतं. बांधणारा त्याला डोळ्यांना न दिसणारा उतार देतो आणि त्या उताराच्या टोकाला पन्हाळ बसवतो. आमच्या पणजोबांनी उतार उगवतीकडे दिला होता. तिन्ही पन्हाळी उगवतीला.

मग वाटणी झाली.

मी जन्मायच्या चार वर्षं आधी. आबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, उगवतीकडे. आम्ही मावळतीकडे. ओसरीच्या बरोबर मधोमध भिंत घातली. मधल्या खांबाच्या माथ्यावर सागवानी पोपट कोरलेला होता, तो भिंतीत चिणला गेला. त्याची शेपूट आमच्याकडे, चोच आबांकडे. वाटणीच्या कागदावर खण लिहिले, दारं लिहिली, विहिरीचे दिवस लिहिले, बाभळी मोजल्या. धाब्याचा उतार लिहायचा राहून गेला. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या हिश्शाचं पाणी आबांच्या पन्हाळींमधून आबांच्या अंगणात पडायला लागलं. ते आधीही तिथेच पडत होतं. आता ते आमचं पाणी झालं होतं.

खेळात घर कशाला म्हणायचं याचाही नियम आहे, तो मला लेकीनं सांगितला. तिथे गावं असतात, गावकरी असतात. पूर्वी खेळ दारं मोजायचा. दाराच्या एका अंगाला दुसऱ्यापेक्षा जास्त छप्पर असलं की झालं ते घर. लोक नुसत्या दारांच्या रांगा उभ्या करून खेळाला फसवायचे. मग २०१९ मध्ये नियम बदलला आणि खाटा मोजायला लागले. तुम्ही मेलात तरी शेवटच्या खाटेपाशीच परत जन्मता. मी तिला म्हटलं, आमच्याकडे चुली मोजतात. दार एकच असलं, अंगण एकच असलं तरी दोन चुली झाल्या की दोन घरं. ती म्हणाली, "आणि गॅस असेल तर?" याचं उत्तर मला सुचलं नाही.

त्या पाण्यावरून पंधरा वर्षं भांडण चाललं. आबांनी त्यांच्या पन्हाळींत चिंध्या कोंबल्या, तेव्हा आमच्या बाजूला गळायला लागलं. पातेली, घमेली, पितळी डबे जमिनीवर मांडलेले असायचे, प्रत्येकाचा टपटपण्याचा सूर वेगळा. शेवटी वडलांनी उतारच फिरवायचं ठरवलं. उगवतीकडे माती चढवायची, म्हणजे पाणी मावळतीला वळेल. दर उन्हाळ्यात ते माती चढवत राहिले, आणि दर पावसाळ्यात ती माती पाणी पिऊन जड होत राहिली. तुळई आधी बोटभर वाकली, मग वीतभर. मी बाहेर शिकायला होतो त्या वर्षी भाद्रपदातल्या झडीत रात्री धाबं खाली बसलं. माय आणि वडील ओट्यावर झोपले होते म्हणून वाचले. नंतर आमचा हिस्सा आबांच्या मुलालाच दिला. त्यानं दोन्ही मिळून स्लॅबचं घर बांधलं. भिंत पाडली तेव्हा पोपट अख्खा निघाला का, हे मी कधी विचारलं नाही.

म्हणून तिचा तो प्रश्न मला टोचत राहिला. आठवडाभर मी खेळ उघडलाच नाही. मग एका संध्याकाळी मायच म्हणाली, "दाखाड तुनं घर." या वेळी मी तिला दारातून आत नेलं. ओसरी, खांब, देवळ्या, धान्याची खोली. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मग उगवतीकडच्या भिंतीपाशी मी थांबलो, कारण तिथे घर संपत होतं. ती म्हणाली, "पुढे चाल." मी म्हटलं, पुढे काही नाही, इथे भिंत आहे. "तुळई तं पुढे जास."

खरंच. मी तुळई भिंतीत घुसवून सोडून दिली होती. लहानपणापासून ती तशीच पाहिलेली, भिंतीत जाणारी. माझ्या डोक्यातलं घर मुळातच अर्धं होतं आणि मी ते अर्धंच, नीट मापात, बांधलं होतं. पाच खण म्हणजे आमचे पाच खण. "हाई भीत पाड," माय म्हणाली. कुदळ हातात होतीच. मातीच्या विटा एकेक करून निघाल्या, आणि पलीकडे पिवळं गवत आणि एक गाय उभी. आमच्याकडे बघत होती. मी काही बोलणार तेवढ्यात माय म्हणाली, "तठे गोठाच व्हता."

पुढचे चार-पाच दिवस ती सांगत गेली आणि मी बांधत गेलो. आबांच्या बाजूला मी आयुष्यात पाच-सात वेळा गेलो असेन, तेही ओट्यापर्यंत. तिनं मात्र त्या घरात लग्न होऊन आल्यावरची सहा वर्षं काढली होती, वाटणीच्या आधीची. ती डोळे मिटून सांगायची. इथे जातं. इथे मोठमायची, म्हणजे आबांच्या बायकोची, चूल, तेव्हा दोघींची तीच. इथे उतरंड, इथे कानबाई देवी बसायची ती भिंत, तिला दरवर्षी दोन हात चुना. बाळंतिणीची खोली इथे, खिडकी नसलेली, तिच्यात माझा थोरला भाऊ झाला, जो जगला नाही. हे मला माहीत नव्हतं. तिनं ते जात्याच्या आणि उतरंडीच्या मध्ये, त्याच आवाजात सांगितलं आणि पुढच्या दाराची जागा दाखवली. मी खोली बांधली. काळ्या ओकचं लाकूड वापरलं, ते जुन्या तेलकट सागासारखं दिसतं. लेकीनं आत पणतीसारखी एक मशाल लावली. अंधार असला की तिथे भुतं उगवतात, म्हणून.

एका रात्री ती अचानक म्हणाली, "उतार फिराव असं तुना बाले मीच सांगेल व्हतं." मी माउस सोडून तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? थोड्या वेळानं ती म्हणाली, "आते लाव ना पन्हाळी."

मी धाब्याला उतार देऊ शकत नव्हतो. ठोकळ्यांना उतार नसतो. म्हणून मधून एक चर खोदला आणि उगवतीच्या कडेला तोंड काढलं. उगवतीलाच, पणजोबांनी काढलं होतं तिकडे. पाऊस तिथे पडणार नव्हता, म्हणून लेक नदीवरून बादली भरून घेऊन आली. "पाणी सात ठोकळ्यांपुढे जात नाही हं आजी," तिनं आधीच सांगून ठेवलं, आणि धाब्यावर चढून बादली चरात रिकामी केली. पाणी चरातून कडेला आलं, तोंडातून निघालं आणि खाली आबांच्या अंगणात पडून पसरायला लागलं, आवाज करत, एकेक ठोकळा पुढे.

माय घाईनं पुढे सरकली. तिचा हात पडद्याला लागला.

"थांब, थांब. आगोदर मोठमायले हाक मार. अंगनमा बिबडा-पापड वाळाले टाकेल शेतस तिना."